आत्याच्या पाळीचं वचन

मार्थाआत्याबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक सांगायला हवी. एका संध्याकाळी मी तिला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांसमोर गप्प बसवलं होतं. सहा आठवड्यांपूर्वी ती गेली. दफनविधीनंतर जो तो म्हणत होता, भाच्यानं शेवटपर्यंत सांभाळलं... मी खाली मान घालून ऐकत होतो.

ती वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्यामागे गडहिंग्लजला एकटीच राहायची, वडील वारल्यावर कोल्हापुरात आमच्याकडे आली. शाळेत ती कधी गेलीच नव्हती. आमच्या घरी रोज संध्याकाळी सातला प्रार्थना. त्या दिवसासाठी नेमलेला बायबलमधला शास्त्रभाग ओळीनं वाचायचा, एकेकानं एक वचन, मग थोडा वेळ मनन. वडिलांमागे हे चालवणं माझ्याकडे आलं. चटईवर मी, पत्नी सुनंदा, मुलगी आशा आणि शेवटी दाराशी आत्या. आशाचं वचन झालं की मी पुन्हा माझ्यापासून सुरू करायचो. आत्याला अवघडल्यासारखं व्हायला नको, असं मला वाटायचं. तिला विचारलं मात्र कधीच नाही.

आशा तिसरीत असताना पाळकसाहेब आमच्याकडे प्रार्थनेला आले. आशाचं वाचून झालं आणि आत्यानं घसा खाकरून बोलायला सुरुवात केली. दोन शब्द झाले असतील नसतील... "आत्या, थांब," मी म्हणालो आणि साहेबांकडे वळलो, "तिला वाचता येत नाही. तुम्ही घ्या." आत्यानं पदर सारखा केला. साहेबांनी वाचलं.

ते गेल्यावर आशा रडतच माझ्या अंगावर आली, "तिला पाठ होतं, बाबा! चौथं तिचंच होतं!" शाळेतून आल्यावर आशा तिला त्या दिवसाचा भाग वाचून दाखवायची. आत्या बोटांवर माणसं मोजून आपलं वचन ठरवायची आणि भाकऱ्या थापताना ते घोकायची. पाळी आज येईल, उद्या येईल, अशी वाट पाहत. साहेब कुठं बसतील याचा नेम नाही, म्हणून त्या दिवशी तिनं चौथं आणि पाचवं, दोन्ही पाठ केली होती.

माफी मागायची ती तेव्हाच. दुसऱ्या दिवशी मी नुसतं म्हणालो, "आजपासून तूही म्हण, आत्या."

"ऱ्हाऊ दे की. तुमी वाचा, मी ऐकती."

मला सुटल्यासारखं झालं. पुन्हा आग्रह केला असता तर चूक कबूल करावी लागली असती. बारा वर्षं मी तिला वगळून पुढे जात राहिलो. ती मात्र रोज सातला चटई अंथरायची आणि शेवटी माझं नाव घेऊन प्रार्थना करायची. माझी नोकरी सुटली त्या वर्षी घरात मला धीर होता तो त्या चार वाक्यांचा.

यंदा तिनं अंथरूण धरलं. कामावर जाण्याआधी मी तिच्या खाटेशी बसून वाचू लागलो. एका सकाळी चष्मा सापडेना. पहिलं वचन कसंबसं वाचलं, पुढची अक्षरं लागेनात. आत्यानं डोळे मिटूनच पुढचं म्हटलं, त्याच्या पुढचंही.

"हे कधी शिकलीस?"

"रोजचंच हाय की. आशी आता पुण्यास्नं फोनवर सांगती."

"मग कधी म्हणत का नाहीस?"

"तू एकांद्या दिवशी परत इचारलास तर? तयारी नको व्हय?"

मी पुस्तक मिटलं. ती असतानाच मला ही वेळ मिळाली, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. सुनंदा चहा घेऊन आली होती, तिला थांबवलं. आशाला फोन लावून स्पीकर चालू केला. जे सगळ्यांदेखत केलं, त्याची माफी एकांतात मागून चालणार नव्हतं.

"आत्या," मी म्हणालो, "पाळकसाहेबांसमोर मी तुला गप्प केलं. पाळी तुझी होती, ती मी काढून घेतली. तुला पाठ होतं हे त्याच दिवशी कळलं, तरी मी बारा वर्षं गप्प राहिलो. माझं चुकलं. मला क्षमा कर."