भोंगा नसलेला खांब

भूत नसतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून "शेवटी तुम्हीही त्यातल्याच" असं कुणी म्हणायला नको. पुण्यात कॉलेजला असताना बुवाबाजीविरुद्ध पत्रकं लिहिलीत मी, चौकात उभं राहून वाटलीत, शिव्या खाल्ल्यात. "ज्याला पुरावा नाही, त्याला नमस्कार नाही" ही ओळ माझी. आणि खालचा अनुभवही माझाच... नाइलाज आहे.

मी जपानात, इचिकावात राहते, आयटीत आहे. वरच्या मजल्यावर निखिल, माझ्याच ऑफिसातला. गेल्या वर्षी हिवाळा सरताना त्याचे आईवडील पुण्याहून आले होते. एका रविवारी तिघं बोसोच्या डोंगरांत, एका डब्याच्या ट्रेनने, मोहरीसारख्या पिवळ्या फुलांची शेतं बघायला गेले. काका थोडे पुढे चालत होते. बांबूच्या बनापाशी वळले. मागची दोघं वळणावर पोचली तर रस्ता रिकामा. पोलीस झाले, कुत्री झाली... काका मिळाले नाहीत.

इथे गावोगावी खांबांवर भोंगे असतात. संध्याकाळी पाचला त्यावर धून वाजते, आणि कुणी म्हातारं हरवलं तर एक बाई तेही त्यावरच सांगते. काकांची माकडटोपीसुद्धा "तपकिरी लोकरी टोपी" होऊन त्या दरीत घुमली होती. माणूस जिवंत मिळाला की तीच बाई सांगते, 'बुजी' सापडले, म्हणजे सुखरूप. मेलेला मिळाला तर तो शब्द गाळतात. नुसतं "सापडले". सभ्यता म्हणे!

या हिवाळ्यात निखिलची आई, उषाकाकू, पुन्हा आल्या. निखिलला ती दरी बघवत नाही, म्हणून दर रविवारी मी त्यांच्याबरोबर. पाठीवर काकांच्या फोटोची पत्रकं. म्हातारी माणसं दोन्ही हातांनी घ्यायची, वाकायची. आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक कुणीतरी शेवटपर्यंत वाचत होतं.

काकू थट्टाही करायच्या. "त्या बाईंना घाबरवू नकोस गं. मोर्चात बोलल्यासारखं जपानी बोलतेस तू."

"काकू, तुम्ही बोला मग."

"मला एकच शब्द येतो. तो ऐकायलाच आलेय."

आणि खरंच, कुठल्याही गावात भोंगा खरखरला की त्या माझा दंड धरायच्या. "बुजी म्हणाली का?" बहुतेकदा ती वणव्याची सूचना असायची. पुण्यातल्या एका ज्योतिष्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं, काका पाण्याजवळ आहेत. बेटांच्या देशात, पाण्याजवळ! माणसाच्या दुःखावर दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थाला मी काय बोलले ते इथे छापता येणार नाही.

तर, तो रविवार. त्याच बांबूच्या बनाच्या पलीकडची वस्ती. निम्मी घरं बंद, प्लमला फुलं आलेली, वारा अजून बोचरा. उजेड होता. धून वाजली, पाच झाले म्हणून आम्ही परत फिरत होतो, तेवढ्यात बाई बोलायला लागली. अगदी डोक्यावरून, स्पष्ट.

"तपकिरी लोकरी टोपी घातलेले, भारतातून आलेले वृद्ध गृहस्थ सापडले आहेत. सहकार्याबद्दल आभार."

मी काकूंकडे वळले. भाषांतर करायला तोंड उघडलं, पण या वेळी त्यांनी दंड धरला नव्हता.

"सापडले ना?" त्या म्हणाल्या. "टोपी म्हणाली ती. 'बोशी'. गेल्या वर्षी ऐकलाय मी तो शब्द."

"हो काकू, पण थांबा, आपण आधी—"

"बुजी नाही म्हणाली."

शेतात एक आजी कांद्याची पात उपटत होत्या. मी धावत गेले. आत्ता काय सांगितलं, कुठे सापडले? आजींनी मातीने माखलेल्या हाताने खांब दाखवला. खांबावर एक कावळा होता. भोंगा नव्हता. वस्तीत माणसंच उरली नाहीत म्हणून शरदात काढून नेला, आता घरोघरी घोषणा ऐकायचे रेडिओसारखे डबे दिलेत, आणि माझा तर सकाळपासून गप्प आहे, आजी म्हणाल्या. पाचला इथे काहीच वाजत नाही.

सोमवारी नगरकचेरीत फोन केला. अशी घोषणा आम्ही केलेली नाही, शेजारच्या गावांनीही नाही. क्षमस्व, क्षमस्व, क्षमस्व. पोलिसांकडे काही नाही. हाड नाही, बूट नाही, ती टोपी नाही.

प्रतिध्वनी? पण मूळ आवाज कुणाचा? भास? दोघींना एकच, एकाच क्षणी, आणि तोही एक शब्द बरोबर गाळून?

मंगळवारी सकाळी वर गेले तर काकू चहा गाळत होत्या. कपाळ मोकळं. विधवांनी कुंकू पुसू नये यावर मी दोन पानी पत्रक लिहिलंय, ते त्यांना वाचूनही दाखवलं होतं.

"काकू, अहो काही पुरावा नाही—"

"ठाऊक आहे गं. चहा घे. रविवारी येऊ नकोस आता."

पुढच्या आठवड्यात त्या पुण्याला गेल्या. निखिल आईशी बोलत नाही. "तू सांगितलंसच का?" असं मला विचारतो. मी काहीच सांगितलं नव्हतं, हे त्याला पटत नाही. तो पोलिसांना फोन करतो, ते म्हणतात शोध चालू आहे.

मला आजही काही कळलेलं नाही. उरलेली पत्रकं माझ्याकडे आहेत. इथे रद्दी टाकायचा दिवस ठरलेला असतो. त्या सकाळी मी गठ्ठा सुतळीने बांधून खाली नेते, आणि परत वर आणते.