तोंड तिचं, गळा माझा

“गाणं काय, खिडकीतूनही ऐकू येतं,” असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी जाळीचं दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली. मी बाहेर. पायात स्लीपर, हातात वही. आत नववीच्या चार पोरी गादीवर बसलेल्या. एक रश्मी, डॉक्टरांची मुलगी, बाकी तिच्या तीन मैत्रिणी. आम्ही पाचजणी वसमतच्या एकाच शाळेत, एकाच वर्गात. मला रश्मीनंच बोलावलं होतं. तिच्या पुण्याच्या मावसभावानं इंग्रजी गाण्यांची कॅसेट पाठवली होती, ती ऐकायला.

तिच्या आईनं मला दारातच गाठलं. “तू वस्तीतली ना?” मी हो म्हणाले. वस्ती म्हणजे आमची, बौद्धांची. वसमतमध्ये नुसतं वस्ती म्हटलं की सगळ्यांना कळतं.

मी घरी जायला पाहिजे होतं. स्वाभिमानी माणूस गेला असता. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले.

कारण गाणं सुरू झालं होतं. एक बाई गात होती. गात कसली, भांडत होती. मागं ढोल बडवल्यासारखे ड्रम, करकरती गिटार, आणि त्यावर हिचा आवाज. मध्येच ती एकदम गप्प व्हायची. वाजणंही थांबायचं. आणि मग ती अशी ओरडायची की माझ्या पाठीवर काटा यायचा. बाईमाणूस एवढं ओरडतंय आणि कुणी तिला गप्प बस म्हणत नाही, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आमच्या वस्तीतही बाया ओरडायच्या. नळावर ओरडायच्या, दारू पिऊन आलेल्या नवऱ्यावर ओरडायच्या. पण त्याची कुणी कॅसेट काढली नव्हती.

रश्मीनं खिडकीच्या गजांतून कॅसेटचं कव्हर दाखवलं. हातात दिलं नाही, दाखवलं. फाटकी जीन पँट, डोळ्यांत काजळाचा राडा, केसांना दोन दिवस फणी लागलेली नसावी. असे केस घेऊन शाळेत गेले असते तर बाईंनी छडीनं भांग पाडला असता.

मी जळले. सरळ सांगते, जळले. रश्मीवर जळले, कारण कॅसेट तिची होती आणि तिला ती नीट ऐकूही येत नव्हती. गाणं चालू असताना ती पोरींना नेलपॉलिश लावत होती. आणि त्या गाणाऱ्या बाईवरही जळले. एवढा राग हिला परवडतो कसा, असं वाटायचं.

महिनाभर मी शाळा सुटल्यावर त्या खिडकीखाली गेले. नऊच्या नऊ गाणी पाठ झाली. इंग्रजी कळत नव्हतं. जसं ऐकू येई तसं देवनागरीत लिहून घेई. घरी भांडी घासताना म्हणायची. माय म्हणायची, “कोन्या भाषेत रडून राहिली?”

मग शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निघालं. रश्मीला त्यातलंच एक गाणं म्हणायचं होतं. बाहेरचे पाहुणे येणार, इंग्रजी गाणं झालं तर शाळेची शान वाढणार, असं संमेलनाच्या बाईंना वाटत होतं. पण रश्मीचा आवाज म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट. ओरडायची जागा आली की गळून पडायचा. तिला ठाऊक होतं की ते गाणं कुणाला येतं. तिनं बाईंना सांगितलं आणि बाईंनी मला बोलावलं.

“रश्मी स्टेजवर राहील,” बाई म्हणाल्या. “तू पडद्यामागं माइक घेऊन बसायचं. तू दिसायचं नाही. नुसतं ऐकू यायचं.”

मी नाही म्हणाले असते तर आज छान वाटलं असतं. मी रश्मीला म्हणाले, “मग कॅसेट एक दिवस घरी दे.” सौदा मी केला. माझा गळा, तिची कॅसेट, एक दिवस.

आमच्याकडं टेप होता. जयंती मंडळाचा, ठेवायला आमच्या घरी. शेजारच्या काकांचा दुसरा आणला. एका टेपमधून दुसऱ्यात कॅसेट भरायची वायर आमच्यापैकी कुणाकडं नव्हती. मग दोन टेप तोंडाला तोंड लावून ठेवायचे, दारं-खिडक्या बंद करायची, एकात गाणं लावायचं आणि दुसऱ्यात भरायचं. वस्तीतल्या सगळ्या कॅसेटी अशाच भरलेल्या. माझ्या कॅसेटमध्ये तिसऱ्या गाण्यात शेजारची मावशी ओरडते, “नळ आला गं!” ती नसली तर मला आजही ते गाणं अपुरं वाटतं.

कोरी कॅसेट मात्र नव्हती. घरात एकच होती. मागच्या जयंतीला मंडळानं स्टेजवरून भरलेली. एका बाजूला भाषणं. दुसऱ्या बाजूला माझी माय.

माय हळदीच्या अडतीवर कामाला होती. हळकुंडं निवडायची, पोती शिवायची. हात बारा महिने पिवळे. वर्षातून एकदा जयंतीच्या स्टेजवर उभी राहायची आणि भीमगीतं म्हणायची. ढोलकीवाला मागं पडायचा, असा तिचा गळा. तिचा तेवढाच आवाज कुठं भरलेला होता, त्या कॅसेटच्या त्या बाजूला. कुणी पुसू नये म्हणून मंडळानं कॅसेटच्या वरच्या खाचांतल्या टिकल्या मोडून ठेवल्या होत्या. त्या खाचांत कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा भरता येतं. मी बोळा कोंबला.

कोणत्या बाजूला काय आहे ते मला माहीत नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. मला माहीत होतं. भाषणं पुसली असती तर मंडळाच्या माणसांनी जाब विचारला असता. मायच्या गाण्यांचा जाब कोण विचारणार? आणि मला वाटलं, माय तर घरातच आहे. ती काय, कधीही म्हणेल. आणखी एक वाटलं, तेही सांगते. त्या इंग्रजी बाईपुढं मला मायचा आवाज गावंढळ वाटला होता.

सहा डिसेंबरला वस्तीतल्या बाया विहारात जमल्या. कुणीतरी म्हणालं, तुमची कॅसेट आना. मायनं स्वतः टेप उचलून नेला, स्वतः बटण दाबलं. ढोलकीच्या जागी गिटार करकरली. बाया हसायला लागल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. मायनं टेप बंद केला नाही. अख्खं गाणं ऐकलं. ती बाई गप्प झाली, मग ओरडली. माय म्हणाली, “ही बाई कोनावर चिडून राहिली?”

“माहीत न्हाई,” मी म्हणाले.

“माहीत न्हाई तर म्हनती काहून?”

घरी आल्यावर मार बसेल असं वाटलं होतं. तिनं भाकरी टाकल्या, मला वाढलं, आणि खाली बघत म्हणाली, “तिचं तिनं म्हनलं. माजं मी म्हनलं व्हतं. तुजं काय हाय?” त्यापेक्षा तिनं चुलीतलं लाकूड घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तरीही मी संमेलनाला पडद्यामागं बसले. शब्द दिला होता, बाईंची भीती होती, आणि खरं सांगायचं तर माइक हातात घ्यायची हौस होती. रश्मी पुढं काळी पँट घालून, मावसभावाची गिटार गळ्यात अडकवून उभी. गिटारीला तारा दोनच होत्या, वाजवायला शाळेच्या बँडचा ड्रम होता. मी पडद्याच्या फटीतून तिची पाठ बघत गात होते. लोक खूश. शिट्ट्या पडत होत्या. प्रत्येक शिट्टी तिच्या पाठीला लागत होती आणि मला टोचत होती.

मग मला माय दिसली. मागं, भिंतीच्या कडेला, बायांच्या घोळक्यात. अडतीवरून तशीच आलेली. तिनं आवाज ओळखला होता. ती आधी रश्मीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग स्टेजच्या या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. टाचा उंच करून ती मला शोधत होती. आपलं पोरगं जत्रेत हरवल्यावर बाया बघतात तशी.

गाण्यातली ती जागा आली. सगळं वाजायचं थांबलं. आता ओरडायचं होतं.

मी ओरडले नाही. माइक जमिनीवर ठेवला. पुढं रश्मीनं तोंड वासलं. मोठं, दात दिसेपर्यंत. त्यातून काही निघालं नाही. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं, मग मागचे हसले, मग सगळा मांडव.

बाईंनी मला दंडाला धरून हेडसरांच्या खोलीत नेलं. दंड चार दिवस काळानिळा होता. “गळा मिळाला म्हणून लायकी मिळत नसते,” हे बाईंचं वाक्य. शब्द न् शब्द असाच. दुसऱ्या दिवशी मायला बोलावलं. हेडसरांनी कोरा कागद पुढं सरकवला. मुलीनं माफी लिहून द्यावी, आणि पुन्हा शाळेच्या स्टेजवर पाय ठेवणार नाही असंही लिहावं. मायनं कागद उचलला. पांढऱ्या कागदावर तिची पिवळी बोटं उठली. ती माझ्याकडं वळली.

“तुला लिव्हायचं हाय का?”

“न्हाई.”

“मंग चल.”

वर्षभर बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं. दहावी मी तिथूनच पास झाले.

आता मी नर्स आहे. कळमनुरी तालुक्यात एका आरोग्य केंद्रात नोकरी. आमची बायांची गायन पार्टी आहे. ढोलकी, पेटी आणि जुनी विकत घेतलेली गिटार. गाणी मी लिहिते. अडतीवरच्या बायांची, नळावरच्या भांडणांची. ओरडायच्या जागा मीच ठेवते आणि कोणावर ओरडते ते मला माहीत असतं. ती कॅसेट नसती तर हे सुचलं नसतं, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी काय गेलं तेही विसरत नाही. हळदीच्या धुळीनं मायचा घसा बसला तो कायमचा. ती आता खोकते, गात नाही. तिचा आवाज या जगात कुठंही नाही.

रश्मी परदेशात असते म्हणे. मला तिचा अजून हेवा वाटतो. तिच्या गादीचा वाटतो, तिच्या टेपचा वाटतो. घरात दोन कॅसेटी असणाऱ्या माणसाला आपल्या आईवर बोळा कोंबावा लागत नाही, याचा सगळ्यात जास्त वाटतो. लोक सांगतात, जुनं झालं, सोड आता. का सोडू?

गेल्या डिसेंबरात शाळेचं पत्र आलं. माजी विद्यार्थिनी म्हणून संमेलनात स्वागतगीत म्हणावं, ही विनंती. मी उलट लिहिलं: येते. स्वागतगीत म्हणणार नाही, माझं गाणं म्हणेन. आणि त्याआधी त्या वर्षी पडद्यामागं कुणाला बसवलं होतं ते माइकवर सांगेन. उत्तर आलं नाही.

जयंतीचं आमचं स्टेज शाळेच्या फाटकासमोरच्या चौकात पडतं. यंदा मंडळाला मी सांगितलंय, एका कर्ण्याचं तोंड शाळेकडं करा. अध्यक्ष म्हणाले, “ताई, कशाला उगं वाद?” मी म्हणाले, “बांधा म्हनलं तर बांधा.”

त्या वर्षाची सगळी गोष्ट मी तिथून सांगणार आहे. नावं घेऊन. डॉक्टरीणबाईंचं, रश्मीचं, संमेलनाच्या बाईंचं, हेडसरांचं. आणि माझ्या मायचा आवाज कुणी पुसला हे सांगताना, सगळ्यांच्या देखत, माझंही.