पाटावर मोजलेला बर्फ

माझ्या सासूबाई स्की करत नाहीत. एकदाच केलं, बासष्टाव्या वर्षी, आणि उतारावरून थेट कॉफीच्या रांगेत घुसल्या. "माझं आणि त्या पट्ट्यांचं जमलं नाही," एवढंच त्या सांगतात. तरीही कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या ट्रकी गावाजवळच्या 'लिटल क्रो' नावाच्या छोट्या स्की रिसॉर्टवर किती बर्फ पडला, हे जगाला सांगायचं काम त्यांच्याकडे आहे. हिवाळ्यात रोज पहाटे पाचला त्या बर्फ मोजतात आणि सहाच्या आत वेबसाइटवर रिपोर्ट टाकतात. तो वाचून लोक ठरवतात, गाडीवर स्की चढवायच्या की पुन्हा पांघरुणात शिरायचं.

सुनेत्राबाईंनी सनीव्हेलच्या एका कॉम्प्युटर-चिप कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. केसाच्या जाडीचा अंशभर फरक पडला तरी त्या माल परत पाठवायच्या. सासरे गेले, या रिटायर झाल्या, आणि आम्ही म्हटलं, आमच्याकडे या. त्या आल्या, आठ महिने राहिल्या, माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली, आणि एक दिवस डोंगरात भाड्याचं घर घेऊन निघून गेल्या. खोटं कशाला बोलू, आम्हा दोघींनाही हायसं वाटलं.

बर्फ मोजायला एक पांढरी फळी लागते. ती उघड्यावर ठेवायची, तिच्यावर साचेल तो नवा बर्फ मोजायचा. रिसॉर्टची फळी तडकली तेव्हा सासूबाईंनी घरातला जेवणाचा पाट काढला, खालच्या आडव्या पट्ट्या उपटल्या, पांढरा रंग दिला आणि तिथे नेऊन ठेवला. मागवलेली नवी फळी कधीच आली, ती अजून गोदामात आहे. पाटाच्या कोपऱ्यात त्या आधी बोटं खुपसतात, तांदळावर किती पाणी आहे ते बघावं तशी, मनाशी आकडा धरतात आणि मगच पट्टी लावतात. बहुतेक वेळा बोटांचा आकडा बरोबर निघतो. मग पाट पुसून पुन्हा जागेवर. न पुसता ठेवला तर उद्याच्या बर्फात आजचाही मोजला जाईल, आणि तसं काही त्यांच्या हातून होणं शक्य नाही.

आमचं त्यांच्याकडे जाणंही बर्फावर ठरायचं. ही पद्धत माझी. साडेचार तास ड्राइव्ह करून जायचं तर निदान स्कीइंग तरी झालं पाहिजे, असा माझा हिशेब. बर्फ चांगला असला तर जायचं, नाहीतर पुढच्या वेळी. आणि तो चांगला की वाईट हे सांगणार कोण, तर त्याच! त्या हिवाळ्यात तोवर तीनदा 'पुढच्या वेळी' झालं होतं.

मग जानेवारीतला लाँग वीकेंड जवळ आला. तीन आठवडे आकाश कोरडं होतं, आणि सोमवारी अंदाज आला की गुरुवारी चौदा इंच पडणार. आम्ही लगेच येतो म्हणून कळवलं. नातीसाठी, म्हणजे आमच्या बारा वर्षांच्या अनिकासाठी, सासूबाईंनी दोन डझन गुळाच्या पोळ्या करून ठेवल्या; संक्रांत नुकतीच झाली होती. बुधवारी चौदाचे नऊ झाले. गुरुवारी हवा उबदार झाली आणि चक्क पाऊस पडला, तो शुक्रवारी पहाटे तीनपर्यंत. त्यानंतर कुठे थोडा बर्फ भुरभुरला.

पुढचं मला रिसॉर्टचा मॅनेजर डग यानेच नंतर सांगितलं. तो पहाटे पाटापाशी आला आणि म्हणाला, "सहा ते आठ इंच लिही. वीकेंड आहे, सगळेच फुगवतात." सासूबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पट्टी त्याच्या हातात दिली. "तू मोज. तू मोजशील ते मी लिहिते." डगने वाकून मोजलं. पावणेतीन. सासूबाईंची बोटं अडीच म्हणत होती, पण मॅनेजरचा मान म्हणून पाव इंच त्यांनी सोडून दिला. रिपोर्ट गेला: 'पावणेतीन इंच. खाली पावसाने गोठलेली लादी. दहाच्या आधी येऊ नका. गुडघे सांभाळा.'

डगला हे माहीत नव्हतं की तो रिपोर्ट सनीव्हेलमध्ये आम्हीही वाचतो. सासूबाईंना पक्कं माहीत होतं.

सात वाजता मी फोन केला. "आई, खाली सगळा आइस आहे म्हणताय, मग आम्ही कॅन्सल करतो. पुढच्या वेळी नक्की येऊ."

"बरोबर आहे. मीही नसते आले," त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. पोळ्यांबद्दल अवाक्षर नाही.

मी फोन ठेवला तर समोर अनिका, हातातला सीरियलचा बाऊल तसाच. "आजीने नको सांगितलं?"

"नाही गं. स्नो बॅड आहे."

"सो?"

एवढा एकच शब्द. मी नवऱ्याकडे बघितलं. श्रीराम शांतपणे म्हणाला, "उद्या सकाळी निघू या. स्की गराजमध्येच राहू देत." मला राग आला, तो त्याचा नव्हे, स्वतःचाच. तीन हिवाळे मी या बाईंना बर्फाच्या भावाने मोजत होते.

शनिवारी दुपारी आम्ही दारात उभे राहिलो, तर सासूबाईंनी आधी गाडीच्या टपाकडे बघितलं. "स्की कुठेयत? रिपोर्ट वाचला नाहीत का तुम्ही?"

"वाचला," अनिका बूट काढत म्हणाली. "दॅट्स व्हाय आलो. गुड स्नो असला की आम्ही ऑल डे डोंगरावर, आणि रात्री मी झोपून जाते. मग तू भेटतच नाहीस, आजी. आज बॅड आहे, सो आज पूर्ण दिवस तुझा."

सासूबाईंनी मान फिरवली, चष्मा काढून पदर नसलेल्या स्वेटरच्या बाहीने पुसला. मग अनिकाला जवळ ओढून तिच्या कानाशी पुटपुटल्या, पण मला ऐकू आलं.

"असाच वाईट पडू दे गं बर्फ. डगला मात्र सांगू नकोस."