बटणावरचं बोट

गल्लीत अजून तिला भरतकामवाली म्हणतात. पण तिचं भरतकामाचं मशीन कधीच मेलं, आणि ते आपल्या मरणाने मेलं नाही.

पडदा असलेलं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन होतं ते. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे नॅपकिन, कामाला तोटा नव्हता. एक दिवस तिने त्याला अपडेट लावलं. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, ‘बंद करू नका.’ ती अंघोळीला गेली. बाहेर येऊन बघते तर मशीनचा प्लग काढून दीर आपला शर्ट इस्त्री करतोय.

मशीन परत उजळलं नाही. मेकॅनिकने उघडून पाहिलं नि मान हलवली. "जुना प्रोग्राम पुसला गेला, नवा पुरता बसला नाही. सुरू कसं व्हायचं तेच हे विसरलंय. दगड झाला, ताई. आतला बोर्डही आता मिळत नाही."

"मला काय माहीत, वहिनी?" दीर म्हणाला. "प्लग काढल्याने कुठे मशीन मरतं का?"

"चुकून झालं," नवरा म्हणाला. "किती दिवस उगाळत बसणार?"

ज्याचं काही मोडलेलं नसतं, त्याला माफ करायला काय जातं? ती मनात डूख धरून बसली. आणि नशीब असं खट्याळ की दिराने बॅनर छपाईचं दुकान काढलं नि तिला त्याच्याच हाताखाली जावं लागलं. बॅनर कापायचे, कडेला रिंगा ठोकायच्या.

परवा सकाळी तो म्हणाला, "वहिनी, छपाईच्या मशीनला अपडेट लावलंय. स्विचकडे फिरकायचं नाही. मध्येच बंद पडलं तर खलास."

"तुम्हाला कुणी सांगितलं, भाऊजी?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही आपल्या घरात यायच्या आधी मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होतो. असे किती मोबाईल दगड झालेले पाहिलेत!" ऐटीत बोलून गेला, आणि मग त्याने जीभ चावली.

तिने हातोडी खाली ठेवली. भिंतीपाशी गेली. स्विचवर बोट ठेवलं. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आली होती.

"म्हणजे तेव्हा माहीत होतं."

"वहिनी, हात काढा. पाया पडतो."

"पाया नको. यांना फोन लावा, स्पीकरवर. माहीत असून प्लग काढला म्हणून सांगा."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. इतकी वर्षं ‘किती उगाळशील’ म्हणणाऱ्या नवऱ्याच्या कानावर आज खरं पडणार होतं.

फोन लागला. "दादा, वहिनींच्या मशीनचा प्लग... मशीन मरेल ते मला माहीत होतं."

पलीकडून नवरा करवादला, "आता कशाला उकरून काढतोस? मीच तुला बजावलं होतं ना, तोंड उघडू नकोस म्हणून? दिवसभर दारात गिऱ्हाईकं, जो तो हिलाच विचारत यायचा. सुटलो एकदाचे. तिला कळू देऊ नकोस."

दिराने घाईघाईने फोन कापला. मग तिने स्विच दाबला.

पडदा काळा झाला. दीर मशीनची बटणं दाबत सुटला. तिने पर्स खांद्याला लावली.

"कुठे निघालात?" त्याने कसंबसं विचारलं.

"घरी," ती म्हणाली. "तिकडचं राहिलंय."