पाहुण्यांपुढचा एक तास

माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख मी तिसऱ्यांदा पुढे ढकलली, तेव्हा डॉक्टर चिडलेच. म्हणाले, "आजी, उद्या आतडं अडकलं तर मला दोष देऊ नका." मला फक्त चार दिवस हवे होते. चार दिवस यांना कुणीतरी सांभाळायचं, बस्स!

हे म्हणजे माझे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक. स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षं झाली. गंगापूर रोडला अशा माणसांसाठी एक संस्था आहे, तिथे दिवसभर सांभाळतात. रात्रीची सोय नाही. पण तिथल्या ताई भल्या. त्याच म्हणाल्या, "काकू, एकटीनं किती ओढाल? घरच्यांना बोलवा, मी येऊन समजावते."

इगतपुरीहून दीर-जाऊ आले, नणंद आली. आणि आमचे हे! खुर्चीत ऐटीत बसले, दिराच्या तब्येतीची चौकशी केली, नणंदेची थट्टा केली, वर मलाच हुकूम, "अगं, चहा टाक की!" सकाळी याच माणसानं चोर समजून माझ्यावर काठी उगारली होती. ताईंनी परोपरीनं सांगितलं, पाहुण्यांपुढे तासभर सगळा जोर लावून सावरतात, मग कोसळतात. पण ऐकतंय कोण? निघताना दीर म्हणाले, "वहिनी, दादा ठणठणीत आहेत. तुम्हीच फार मनाला लावून घेता."

मनाला! इथे पोट फाटायची वेळ आली, आणि म्हणे मनाला!

ताईंनी बजावलं होतं, यांचे अशा अवस्थेतले फोटो काढू नका म्हणून. दुसऱ्या दिवशी हे स्वयंपाकघरात लघवी करून त्यातच बसले होते, आईला हाका मारत रडत होते. मी आधी फडकं नाही घेतलं. मोबाईल घेतला. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

नणंदेचं उत्तर आलं, "दादाची अब्रू चव्हाट्यावर मांडताना लाज नाही वाटली?" दीर ग्रुप सोडून गेले. येतो म्हणून कुणी लिहिलं नाही. मेल्यांनो, अब्रू दिसली, माणूस नाही दिसला!

संध्याकाळी मी तोच व्हिडिओ बघत बसले होते. हे शेजारी येऊन टेकले, निरखून पाहू लागले.

"अरेरे, कोण गं हा? घरचं कुणी नाही वाटतं बिचाऱ्याला?"

मी व्हिडिओ बंद केला.

"निदान शूटिंग करणाऱ्यानं तरी आधी उठवायचं त्याला," हे कळवळून म्हणाले.

ऑपरेशनची चौथी तारीख मी मागितलीच नाही.