बापाच्या गाडीची बंगई

वडील तळोद्याचे सुतार. गावाच्या गाड्या करता करता त्यांनी स्वतःसाठी एकच बैलगाडी केली होती. ते गेल्यावर ती मोडकळीला आली, तेव्हा भावाने तिची बंगई, म्हणजे घरात टांगायचा झोपाळा, करायचं ठरवलं. भाऊही सुतारच. गाडीच्या सागवानी फळ्यांची बैठक झाली आणि चाकाच्या पुठ्ठ्यांची, म्हणजे घेराच्या वाकड्या लाकडांची, पाठ झाली.

चाकावरची लोखंडी धाव शेजारच्या लोहाराने तोडली, तापवली आणि ठोकून तिच्या कड्या केल्या. तापीकाठच्या गुजरांकडे झोपाळ्याला पितळी मोर असतात. मलाही मोर हवेच होते, लोखंडाचे का असेनात. लोहार म्हणाला, काढून दाखव. मी कोळशाने त्याच्या ओट्यावर मान मागे वळवलेला मोर काढला. असा मोर कुठे असतो का, म्हणून तो कुरकुरला, पण तसेच घडवले.

भाऊ म्हणाला, "हाई बंगई तुन्ही. दर आखाजीले येवानं नि हिच्यावर बसानं."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येऊन झोके घेते. जिथे तिच्यासाठी झोका टांगत नाहीत, तिथे ती नुसती पाहुणी. आई आधीच गेली होती. आता त्या बंगईवर बसलं की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. भावजय हाका मारून थकायची, मी उतरायची नाही.

भाचीच्या लग्नाला मला जाता आलं नाही, सासूबाई अंथरुणावर होत्या. पुढे शहाद्याला तिच्या सासरी गेले. तेव्हा मोटार कुठली, बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली. ओसरीत पाय ठेवला तर समोर माझे मोर.

भाचीची सासू म्हणाली, "बसा ना आत्याबाई. तुमीनच आपखुशीथीन आंदण दिन्ही, आसं तुमना भाऊनी मांडवमा सांगं."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे मी पुष्कळ पाहिले होते. त्यात माझा भाऊ असेल असं कधी मनात आलं नव्हतं. वस्तू गेल्याचं दुःख होतंच, पण माझं नाव परस्पर वापरलं, त्याने अंगाची आग झाली. भाची दाराशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं बोलले असते तर तिला जन्मभर टोमणे खावे लागले असते. मी बसले. छान दिसते हो तुमच्या ओसरीत, असंही म्हणाले.

पुढच्या आखाजीला भाऊ मला न्यायला आला. मी त्याला मांडे वाढले आणि विचारलं, "भाऊ, मन्हं नाव सांगं, पन माले इचारं का नही?"

तो मांडा मोडत म्हणाला, "तू नही म्हनावच नही, हाई माले माहीत व्हतं. मंग इचारानं काय?"

हे त्याने माझं कौतुक केल्यासारखं सांगितलं. मी त्याला आणखी एक मांडा वाढला आणि सासूबाईंना सांगितलं, यंदा मी जात नाही.