बुरुजाची भोकं

मिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणत. खिशात ओळंबा घेऊन हिंडायचं, जाईल तिथे तो टांगायचा आणि दुसऱ्याची भिंत कशी वाकडी आहे ते सांगायचं, अशा माणसाला दुसरं काय म्हणणार? मेहुण्याच्या नव्या घरी गेला तेव्हा पाणी पिण्याआधी त्याने दाराची चौकट तपासली. ती बोटभर कललेली निघाली. त्या दिवशी ओळंब्याला दोन घास जास्त गेले आणि मेहुण्याने त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही.

समुद्राकाठच्या डोंगरावर एक पडका किल्ला होता. त्याच्या एका बुरुजाची डागडुजी ओळंब्याकडे आली. बुरुज पसंत पडला तर सगळ्या तटाचं काम त्यालाच मिळणार होतं, म्हणजे दोन-तीन वर्षांची ददात मिटली. नवराबायको भाड्याच्या एका खोलीत राहत, आणि तिथल्या भिंतींना अशी ओल होती की कपडे वाळत घालायचे कुठे हाच रोजचा प्रश्न. "तट मिळू दे, आपलं स्वतःचं घर बांधतो," असं त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं. बायको बुरुजाच्या पायथ्याशी चहाची टपरी चालवायची. तिने हे वचन याआधी दोन पुलांच्या आणि एका शाळेच्या वेळीही ऐकलं होतं.

ज्यांनी किल्ला बांधला त्यांच्याबद्दल ओळंब्याला काडीचाही आदर नव्हता. भिंत खाली जाड, वर बारीक, आतल्या बाजूला रेललेली. "यांच्याकडे साधी दोरी नव्हती वाटतं," तो म्हणायचा. किल्ला बघायला येणारे लोक तर त्याच्या लेखी कामातूनच गेलेले. धापा टाकत चढायचं, पडक्या भिंतीला पाठ लावून फोटो काढायचे आणि 'काय वैभव' म्हणत उतरायचं. एवढं वैभव आवडत असेल तर स्वतःच्या घराचं छप्पर का नाही काढून टाकत, असं तो गवंड्यांना विचारायचा. गवंडी हसायचे, मजुरी त्याच्या हातून मिळायची.

त्याला सगळ्यात जास्त खुपली ती भोकं. बुरुजाच्या दर्शनी भागात जागोजागी दगड वगळून मुठीएवढी भोकं ठेवली होती. ओळंब्याच्या मते हा निव्वळ कामचुकारपणा, दगड कमी पडले असतील. त्याने एकेक भोक सिमेंटने ठासून बुजवलं आणि वरून असा गिलावा फिरवला की बुरुज नुकत्याच दाढी केलेल्या नवरदेवासारखा दिसू लागला. देखरेखीवरचे इंजिनियर साहेब आले, लांबूनच बघून म्हणाले, "वा, नवीन वाटतोय अगदी." जुन्या किल्ल्याबद्दल असं बोलणारा इंजिनियर आणि ते ऐकून छाती फुगवणारा मिस्त्री, जोडी छान जमली होती.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, माझी बादली कोरडीच राहतेय."

"कसली बादली?"

"दर पावसात त्या खालच्या भोकातून धार यायची. मी खाली बादली लावायची, त्यात पेले धुऊन व्हायचे. आता एक थेंब नाही. आतल्या मातीत एवढं पाणी मुरतंय, ते जातंय कुठे?"

"मी भिंत बांधली की नळ? तू चहा बघ."

तिने चहा बघितला. चार दिवसांनी तिने भिंतीला पोट आल्याचं दाखवलं. ओळंब्याने ओळंबा सोडला. दोरी एकीकडे आणि भिंत दुसरीकडे. त्याने बराच वेळ दोरीकडे बघितलं आणि खाऱ्या वाऱ्याने ती हलते म्हणून सांगितलं. वारा पडलेला होता. जन्मभर दुसऱ्याच्या चौकटी मोजणाऱ्या माणसाला स्वतःची भिंत मोजायची वेळ आली, तर त्याने खापर वाऱ्यावर फोडलं.

काम पसंत करायला इंजिनियरचे मोठे साहेब येणार होते, त्याच दिवशी सकाळी बुरुज बसला. टपरी अजून उघडायची होती, म्हणून कुणाला लागलं नाही. सिमेंटचे पापुद्रे दगडांसकट टपरीला चाटून उतारावरच्या झुडपांत गेले. मागे उरली ओली माती आणि मोठं भगदाड. इंजिनियर साहेब आधी पोचले. भगदाड बघून त्यांचा चेहरा पडला. ओळंबा खाली मान घालून उभा होता. तट गेला, घर गेलं, हे त्याला कळून चुकलं होतं.

मोठे साहेब मोबाइलवर बोलत बोलतच वर आले. इंजिनियरने पुढे होऊन भगदाड दाखवलं. "हे जुनं, साहेब. शत्रूच्या तोफांनी पडलेलं. आणि ही आपल्या मिस्त्रीने केलेली दुरुस्ती." असं म्हणून त्यांनी शेजारच्या भिंतीवर हात ठेवला. ती मूळचीच भिंत होती, कुणी बोटही न लावलेली, मागे रेललेली.

मोठ्या साहेबांनी तिच्यावर थाप मारली. "मजबूत आहे. जुन्यासारखी हुबेहूब. सगळा तट यांनाच द्या. फक्त ही भोकं वाईट दिसतात, तेवढी बुजवून घ्या."

ओळंब्याने तोंड उघडलं. भोकांतून पाणी निथळत होतं, ते त्याला स्वच्छ दिसत होतं. बायको टपरीच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

"बुजवतो, साहेब," तो म्हणाला.

साहेब मंडळी फोटो काढायला भगदाडाकडे वळली. बायकोने पेले पाटीत भरले, बाकडं उचललं आणि तटापासून लांब, वाटेच्या पलीकडे नेऊन मांडलं. मग परत येऊन स्टोव्ह त्याच्या हातात दिला. तो निमूट तिच्या मागून चालू लागला.